रात्रीची लाईट, जुना गेम आणि लावलेलं दार

यावल-रावेर पट्ट्यातल्या एका केळी उत्पादक वाचकाचं हे पत्र आहे. वय 39. घरात पत्नी, आई आणि बारा वर्षांचा मुलगा. पत्र मोठं आहे, म्हणून गोषवारा देते.

शेतीच्या पंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट असते. मोटार सुरू करायला बाराच्या पुढे शेतात जायचं, म्हणून हे गृहस्थ जेवणानंतर जागेच राहतात. तो वेळ मधल्या खोलीत, दार लावून, जुन्या लॅपटॉपवर लहानपणचे गेम खेळण्यात जातो. कॉन्ट्रा, मारिओ, टँकचा गेम. कधी जळगावला कॉलेजात असताना खेळलेले व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स, क्रिकेट 07. आता तर दिवसाची लाईट असली तरी खेळल्याशिवाय झोप येत नाही. मागच्या दिवाळीला मुलाच्या नावाने प्लेस्टेशन 5 घेतला, तो धूळ खातोय, कारण नव्या गेममध्ये तासाभराच्या वर जीव रमत नाही. मुलगा बापाचे गेम पाहून 'हे काय ठोकळे' म्हणतो आणि मोबाईल घेऊन बसतो. पत्नी म्हणते, 'तुम्ही अजून बारा वर्षांचेच आहात. दार लावून काय करता एवढं?' कॉन्ट्रा ज्याच्या जोडीने खेळायचे तो चुलतभाऊ सुरतला स्थायिक झालाय. आणि खरी खंत पत्राच्या शेवटी आहे: 'मागच्या आठवड्यात कॉन्ट्रा सुरू केला आणि अर्ध्या तासात संपवला. संपल्यावर कोणी ओरडलंच नाही. मला एकदम कसंतरी झालं.' ते विचारतात, हा आजार आहे का? प्लेस्टेशन विकून वरच्या खोलीत जुना टीव्ही, जुना गेम, जुन्या कॅसेटी, सगळं होतं तसं उभं करू का? की हे सगळंच सोडून देऊ?

भाऊ,

आधी आजाराचं बोलू, कारण तो शब्द तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलाय.

जुन्या दिवसांच्या ओढीला एकेकाळी खरोखरच आजार मानत. 1688 साली योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्याने वैद्यकाच्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, तो परमुलखात राहून घराच्या आठवणीने खंगत जाणाऱ्या माणसांसाठी. घरी परतणं आणि वेदना, अशा दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. आज कोणी याला आजार म्हणत नाही. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात टिम विल्डशुट, कॉन्स्टंटाईन सेडिकिडेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भावनेचा बारकाईने अभ्यास केला. 2006 च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की माणसाला एकटं वाटलं की मन जुन्या दिवसांकडे वळतं, आणि तिकडून फिरून आल्यावर आपली माणसं पुन्हा जवळची वाटायला लागतात. म्हणजे मन स्वतःला सावरत असतं.

गेमच्या व्यसनाची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आहे आणि ती यादी 2022 पासून लागू झाली. पण त्याची लक्षणं अशी: खेळण्यावर ताबा न राहणं, खाणं-पिणं, काम, माणसं या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसणं, आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही थांबता न येणं, तेही साधारण वर्षभर. तुम्ही लिहिलंय की ठिबकची एकही पाळी चुकली नाही आणि बाग चांगली आहे. त्यामुळे मला इथे व्यसन दिसत नाही. एक वाक्य मात्र मला खटकलं, 'खेळल्याशिवाय झोप येत नाही' हे. ते तपासून बघा. ज्या आठवड्यात दिवसाची लाईट असेल, त्या आठवड्यात रात्री लॅपटॉप उघडू नका. पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखं होईल, ते साहजिक आहे. पण आठवडाभर तळमळ गेली नाही, चिडचिड वाढली, जेवण-झोप बिघडली, तर 14416 वर फोन करा. टेली मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला कमीपणा वाटायचं काही कारण नाही, भाऊ. केळीवरच्या करपा रोगासाठी तुम्ही सल्ला घेताच ना.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात एक समजूत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आहे, की तुम्हाला मागे जायचंय, पुन्हा बारा वर्षांचं व्हायचंय. तुमच्या पत्नीने तसं म्हटलं आणि तुम्हीही ते खरं मानून बसलात. मला पत्र वाचून तसं अजिबात वाटलं नाही.

तुमचा दिवस कसा जातो तो तुम्हीच लिहिलाय. लागवडीपासून कापणीपर्यंत वर्ष जातं. त्यात वारा आला तर बाग आडवी. घड तयार झाला तर भाव व्यापाऱ्याच्या हातात. आईच्या औषधांचं चक्र सुरूच आहे. यातली कुठलीच गोष्ट आज संध्याकाळी पूर्ण झाली असं म्हणता येत नाही. आणि कॉन्ट्रा? आठ टप्पे. जंगलातून सुरुवात, धबधबा, बर्फ, शेवटी ते धडधडणारं काळीज. त्यावर गोळ्या झाडल्या की संपलं. दिवसभरात ज्याला काही संपवता येत नाही, असा माणूस रात्री संपणारा गेम लावतो. यात बालिश काय आहे? मला तर ही एका थकलेल्या, जबाबदार माणसाची गरज वाटते.

प्लेस्टेशनवर जीव का रमत नाही, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. आजचे मोठे गेम पन्नास-साठ तासांचे असतात. पहिला तास-दीड तास तर कुठलं बटण कशाला आणि कोण कोणाचा शत्रू हे सांगण्यातच जातो. काहींची फाईल 100 जीबीच्या घरात जाते, म्हणजे गावच्या इंटरनेटवर दोन रात्री नुसतं डाउनलोड. तुमच्याकडे आहेत दोन तास, तेही डोळ्यांवर झोप आणि कान लाईटकडे. या मापात तो गेम बसत नाही, एवढंच. तुम्ही म्हातारे झालात किंवा नवं काही आवडेनासं झालं, असा अर्थ त्यातून काढू नका. मारिओचा पहिला गेम 1985 चा, तो सगळाच्या सगळा 40 किलोबाइटमध्ये मावला होता. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्या थोड्या जागेत जास्त टप्पे घालता येत नसत, म्हणून जे आहेत ते अवघड करायचे, म्हणजे मूल पुन्हा पुन्हा खेळेल. कॉन्ट्रा तर मुळात नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा गेम, 1987 चा. लवकर मरणं हाच त्याचा धंदा होता. ते 'वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी ए' आठवतं? तीस जीव देणारं? ते पहिल्यांदा 1986 च्या ग्रॅडियस नावाच्या गेममध्ये आलं. काझुहिसा हाशिमोटो हा तो गेम घरच्या मशीनसाठी बसवत होता, आणि तपासताना त्याचा त्यालाच तो इतका अवघड गेला की त्याने स्वतःसाठी ही चोरवाट ठेवली. असे गेम वर्षानुवर्षं बोटांत बसतात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनीही तुमचा अंगठा योग्य क्षणी उडी मारतो. ही तुम्ही कमावलेली कला आहे. तबला शिकलेल्या माणसाने रात्री दार लावून जुना कायदा वाजवला तर आपण त्याला मागे जातोय असं म्हणतो का?

मग 'ती मजा' का येत नाही?

इथे मला लोक पटकन जे सांगतात ते सांगायचं नाही, की 'तुम्हाला गेम नकोय, ती माणसं हवीत'. ते अर्धंच खरं आहे. तुम्हाला गेमही हवाय. नाहीतर चुलतभावाला फोन लावून तुम्ही मोकळे झाला असता. पण कॉन्ट्रा एकट्याने खेळताना त्यातली एक गोष्ट नाहीशी होते. तिसरा टप्पा आठवा, धबधब्याचा. दोघं वर चढताय. एकाने घाई केली की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि खाली राहिलेला, त्याची काही चूक नसताना, मरतो. तुम्ही लिहिलंय की त्या टप्प्यावर चुलतभाऊ तुमचा शर्ट धरून ओरडायचा, 'थांब ना भो, थांब!' तो टप्पा दोघांना एकमेकांसाठी थांबायला लावतो. एकट्याने खेळलं की तो नुसता उड्यांचा टप्पा होतो, म्हणून अर्ध्या तासात संपतो. तुम्हाला कसंतरी झालं ते बरोबरच झालं. तुम्ही खेळलात त्यात तो गेम अर्धाच होता.

आणि उरलेलं? जे पहिल्या वेळेचं होतं, पुढच्या टप्प्यावर काय आहे हे माहीत नसणं, ते परत येणार नाही. हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. माझं माहेर अमळनेरचं, आमच्याकडे कापूस. केळीतलं जे थोडं कळतं ते फैजपूरच्या मावशीकडून. तिच्याकडे ऐकलंय की नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीचा घड वेगळा आणि पिलबागेचा, म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलांवर धरलेल्या बागेचा वेगळा. पिलबागेला त्याच मुळांचं पाणी, लागवडीचा खर्च नाही, घडही लवकर बाहेर पडतो, पण नवतीचं वजन तिच्याकडून कोणी धरत नाही, आणि म्हणून कोणी ती उपटूनही टाकत नाही. तुम्ही जुन्या गेमकडून दर रात्री नवतीचं वजन मागताय.

आता वरच्या खोलीचं. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण असा बेत करणारे तुम्ही एकटे नाही. धुळ्याच्या एका शिक्षकांनीही याच विचाराने जुन्या कॅसेटी गोळा करायला सुरुवात केली होती, आणि त्यांचं पत्र आलं तोवर बराच पैसा गेला होता. शिवाय हे माझ्याही घरात घडलंय.

मी दहावीत असताना, मे महिन्यात, धाकट्या भावाने हट्ट करून टीव्ही गेम घरी आणवला. काळा डबा, दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक, आणि 'नाइन नाइन नाइन नाइन इन वन' लिहिलेली पिवळी कॅसेट, ज्यात खरे गेम दहा-बाराच होते. गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओसरीत. आम्हा बहिणींचं काम पाणी आणून द्यायचं आणि अॅडाप्टर गरम झालाय का ते हात लावून बघायचं. आमची बारी नेहमी शेवटी. दुपार कलली की मी म्हणायचे, 'आते मनी बारी शे', म्हणजे आता माझी पाळी, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात लाईट जायची. मला बदकाचा गेम हवा होता, बंदुकीचा. उन्हाळाभरात तो मला पुरता एकदाही खेळायला मिळाला नाही.

काही वर्षांपूर्वी आईचं घर आवरताना माळ्यावर तो डबा सापडला. भावाने कॅसेट काढली, सवयीने तिच्या दातांवर फुंकर मारली आणि ती लावली. गेम सुरू झाला. त्याने बंदूक माझ्या हातात दिली. मी नेम धरला, घोडा दाबला, बदक उडून गेलं. पुन्हा, पुन्हा. एकही पडेना. मला वाटलं, वय झालं, नेम गेला. मग कारण कळलं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक भाग असतो, त्याला तो चौकोन दिसला तर बदक पडलं. बंदुकीतून टीव्हीकडे काहीच जात नाही, टीव्हीचा उजेड बंदुकीत येतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे तत्काळ होतं. एलसीडीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तोवर गेमची वेळ निघून गेलेली असते. शेवटी शेजारच्या आजींच्या जुन्या डब्बा टीव्हीवर तो लावला. तिसऱ्या गोळीला बदक पडलं. मी अकरा बदकं पाडली आणि बंदूक भावाच्या हातात दिली. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने गेम पुसून, पिशवीत घालून, माझ्या घरी पाठवून दिला. तो आजही माझ्याकडे आहे. मी तो क्वचितच लावते.

हे सांगण्यात दोन कामाच्या गोष्टी आहेत. जुन्या टीव्हीवर चित्र जास्त छान दिसायचं ही तुमची आठवण खोटी नाही. पिक्चर ट्यूबवर ठिपके एकमेकांत मिसळायचे, कडा मऊ व्हायच्या, आणि त्या काळी चित्रं काढणारे अशाच पडद्यांसाठी काढत होते. एलसीडीवर तेच ठिपके सुटे, धारदार दिसतात. मुलाला जे ठोकळे दिसतात ते त्या पडद्यामुळेही आहेत. तेव्हा जुना टीव्ही हवा असेल तर जरूर घ्या, पण भंगारवाल्याकडून, चारचौघांना विचारून. त्यासाठी हजारो रुपये घालवू नका. आणि टीव्ही उघडायचा झाला तर जाणत्या कारागिराकडूनच, कारण बंद असला तरी आत विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो. कॅसेटवर फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलीने दात गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. अॅडाप्टर बदलावा लागला तर व्होल्टेज आणि प्लस-मायनस दोन्ही जुळवून घ्या, आमचा दुसरा डबा त्यातच जळाला. नव्या टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा, तो लावला की बटण दाबणं आणि उडी यांच्यातला उशीर बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट खोलीबद्दल. खोली उभी करा, पण 1997 सालची नको. तशीच चटई, तसाच टीव्ही, तसाच पंखा असं सगळं जुळवून तुम्ही एकटे तिथे बसलात, तर न ओरडणारं ते घर आणखी मोठं वाटेल. शिवाय वरची खोली म्हणजे आणखी एक दार. आणि प्लेस्टेशन विकू नका. तुम्हाला बहुधा माहीत नाही, त्यावर तुमचा कॉन्ट्राच चालतो. जुन्या कॉन्ट्रांचा एक संग्रह 2019 मध्ये प्लेस्टेशन 4 साठी निघालाय, तो तुमच्या मशीनवर लागतो. आणि 2024 मध्ये त्या पहिल्या गेमवरच बेतलेला 'ऑपरेशन गालुगा' आला, दोघांनी खेळता येणारा. 'कपहेड' नावाचा एक आहे, हाताने काढलेल्या जुन्या कार्टूनसारखा, आणि अवघड म्हणजे तुमच्या पिढीला शोभेल इतका. एकेक लढाई काही मिनिटांची. लाईट येईपर्यंत दोन तरी होतील. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग 2019 मध्ये नव्याने काढलाय, तो ऑनलाइन खेळता येतो. मोठा खर्च न करता जुन्या गेमकडे परतू पाहणाऱ्या सगळ्यांनाच माझं हे सांगणं आहे, की आधी घरात जे मशीन आहे त्यावर तो गेम मिळतो का बघा. मिळाला तर पैसे देऊन घ्या, जुने गेम विकले गेले तरच ते कोणी पुन्हा काढेल. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे 2010 च्या आधी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के बाजारात विकतच मिळत नव्हते. माळ्यावरची कॅसेट भंगारात टाकण्याआधी हे आठवा.

चुलतभावाचं मी एवढंच सांगेन, की त्याला 'कसा आहेस' म्हणून फोन करू नका. तसे फोन सणावारी होतातच आणि दोन मिनिटांत संपतात. त्याला विचारा, 'धबधब्याच्या टप्प्यावर तू थांब म्हणायचास, आठवतं?' सुरतहून तो कानबाईच्या सणाला घरी येत असेलच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी जमते, रोट होतात, रात्र जागून जाते. सोमवारी विसर्जन करून आल्यावर दुपारी घर कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे. सगळे दमलेले, कोणाला झोप नाही, बसायला अंगणभर माणसं. मशीन त्या दुपारी लावा. तोवर वाट पाहवत नसेल तर एज ऑफ एम्पायर्स तुम्ही इथून, तो तिथून.

मुलाबद्दल. 'त्याला खऱ्या गेमची मजा कळत नाही' असं तुम्ही लिहिलंय. तो मोबाईलवर खेळतो तेव्हा कानाला हेडफोन असतो आणि तो मित्रांशी ओरडून बोलत असतो, हेही तुम्हीच लिहिलंय. भाऊ, ती त्याची ओसरी आहे. तुमच्या वेळी जी पोरं समोर बसायची ती त्याच्या कानात बसलीयेत. त्याची जी आठवण व्हायची ती आत्ता होतेय, आणि मला काळजी आहे ती वेगळीच. त्याचा गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम होता, 2014 चा. 2024 च्या मार्चअखेर सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांनाही चालवता येईना. तुमच्या मुलाला चाळिशीत असं रात्री परत जावंसं वाटलं, तर लावायला कॅसेट नसेल. म्हणून आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसा, शिकवायला नव्हे, बघायला. एखादा सामना रेकॉर्ड करून ठेवा, मित्रांच्या आवाजासकट. ते तुम्हीच करू शकता, कारण त्याची किंमत घरात फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि कधी तो तुमच्याकडे डोकावलाच, तर 'आमच्या वेळी' म्हणू नका. मारिओ लावा आणि त्याला विचारा, ढग आणि झुडूप नीट बघ, काय दिसतं? दोन्हींचं चित्र एकच आहे. जागा वाचवायला नुसता रंग बदललाय, पांढरा आणि हिरवा. बारा वर्षांच्या पोराला ही युक्ती आवडते. माझ्या भाच्याने ऐकल्यावर बाकीचं कुठे कुठे असं केलंय ते शोधण्यात अख्खी दुपार घालवली.

शेवटी वहिनींचं. 'तिला हे कळणारच नाही' असं तुम्ही लिहिलंय, आणि मला ते वाचून वाईट वाटलं. त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. 'दार लावून काय करता एवढं?' यात गेमबद्दल तक्रार कुठे आहे? तक्रार दाराबद्दल आहे. दिवसभर तुम्ही शेतात, रात्री दोन तास दाराआड, मग शेतात. त्या तुमच्याच वयाच्या आसपास असतील, म्हणजे त्याच उन्हाळ्यातल्या. त्यांच्या माहेरी टीव्ही गेम होता का? भावाने आणला होता का? त्यांची बारी कधी यायची? हे तुम्ही इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंय का? मला उत्तर माहीत नाही. कदाचित त्यांना गेम मनापासून आवडत नसतील, त्यांच्या उन्हाळ्यात बिबडे वाळत घालणं आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका असेल, आणि त्यांना त्याचं बोलायचं असेल. तेही ऐका. पण आम्ही ओसरीच्या दारात उभं राहून तुमचे सगळे टप्पे पाठ केलेत, भाऊ. कुठल्या विटेत नाणी आहेत हे मला भावाआधी माहीत असायचं.

तेव्हा पुढच्या रात्रीच्या लाईटीला लॅपटॉप मधल्या खोलीत नेऊ नका. प्लेस्टेशन बाहेरच्या टीव्हीला जोडा, आईंची झोप मोडू नये म्हणून आवाज बारीक ठेवा आणि दुसरा रिमोट चार्ज करून सतरंजीवर तुमच्या शेजारी ठेवा. कोणाला हाक मारू नका, नुसते खेळत राहा. वहिनी पाणी प्यायला उठल्या आणि क्षणभर थांबल्या, तर कुठला गेम लावायचा ते त्यांना विचारा. पहिली बारीही त्यांनाच द्या.